गणित सोडले की कोणती दारे बंद होतात?

दहावीचा निकाल लागला की आपल्या वस्त्यांत दोन प्रश्न हमखास विचारले जातात. किती टक्के पडले आणि आता कोणती साईड घेणार? गणितात किती पडले, हे सहसा कुणी विचारत नाही. बहुतेक घरांत तो विषय एकदाचा सुटला यातच समाधान असते. आम्ही काही कार्यकर्ते विहारातल्या अभ्यासिकांत अकरावी प्रवेशाचे अर्ज भरून देतो. विज्ञान शाखा घेऊनही गणित वगळणारी, किंवा गुण बरे असूनही गणिताच्या धास्तीने कला शाखेत जाणारी मुले-मुली आम्हाला दरवर्षी भेटतात. कारण विचारले तर उत्तर ठरलेले असते, "गणित घेऊन पुढे करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देणारे कुणी घरात नसते, शेजारी नसते आणि पुष्कळदा शाळेतही नसते.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य अभ्यासक्रम आराखड्यातली एक तरतूद चर्चेत आली. दहावीला गणितात किंवा विज्ञानात 35 गुण मिळाले नाहीत, पण 20 मिळाले, तर विद्यार्थ्याला अकरावीत जाता येईल. मात्र गुणपत्रिकेवर शेरा असेल की त्याला पुढे गणित-विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही. शेरा नको असेल तर पुन्हा परीक्षा द्यावी. नव्या अभ्यासक्रमासोबत हे लागू होईल, असे सांगितले गेले. कल्पना अगदी नवीही नाही. 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गणित ऐच्छिक करता येईल का, अशी विचारणा केली होती आणि त्याआधी काही वर्षे दहावीला 'सामान्य गणित' हा सोपा पर्याय होताच.

या सवलतीला आमचा सरसकट विरोध नाही. एका विषयात नापास झाली म्हणून शाळा सुटलेल्या आणि वर्षभरात लग्न लावून दिलेल्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. अशा मुलीला अकरावीत जाता आले तर ती निदान शिकत राहील. पण ही सवलत वापरणार कोण? ज्या घरात आठवीपासून शिकवणी लावलेली असते, तिथे 20 गुणांचा विचारही होत नाही. ही वाट धरतील ती गणिताचे शिक्षक वर्षभर नसलेल्या शाळांतली, आश्रमशाळांतली, नगरपालिकेच्या शाळांतली मुले. शिकवले गेले नाही हा दोष व्यवस्थेचा आणि शेरा मात्र मुलाच्या कागदावर, असा हा व्यवहार आहे.

शिवाय शाळेने गणित माफ केले तरी नोकरी देणारे माफ करत नाहीत. पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहे. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न बौद्धिक चाचणी व अंकगणिताचे होते. बँका, स्टाफ सिलेक्शन कमिशन, एमपीएससीचा सीसॅट, सगळीकडे तेच. पंधराव्या वर्षी गणित सोडलेला मुलगा तेविसाव्या वर्षी पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात खोली करून, क्लासचे पैसे भरून, शेकडेवारी आणि काळ-काम-वेग शिकत बसतो. ज्याची सुटका झाली म्हणून पेढे वाटले, तेच पुन्हा विकत घ्यावे लागते.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. गणित घेऊन पुढे काय?

आपल्याकडे याचे एकच उत्तर प्रचलित आहे, इंजिनिअरिंग. तिथे जागा मिळाली नाही की गणित संपले, अशी समजूत आहे. वास्तविक बारावीला गणित असणे हीच अनेक ठिकाणी प्रवेशाची अट असते. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे उदाहरण घ्या. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी 1931 मध्ये स्थापन केलेली ही संस्था. कोलकात्यात बी.स्टॅट. आणि बंगळुरूत बी.मॅथ. या पदव्या देते. बारावीला गणित व इंग्रजी असलेल्यांना प्रवेश परीक्षा देता येते. जागांना आरक्षण आहे. आजवर तिथे शिकवणीचे शुल्क नव्हते, उलट विद्यार्थ्याला दरमहा विद्यावेतन मिळत आले आहे. परीक्षा कठीण आहे, यात शंका नाही. पण खाजगी इंजिनिअरिंगसाठी लाखांचे कर्ज काढायला तयार असलेल्या घरांत या संस्थेचे नावही ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण साध्या नोकरीचे. स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या पदवीस्तर परीक्षेतून ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर हे पद भरले जाते. पदवी कोणतीही चालते, पण बारावीच्या गणितात 60 टक्के हवेत किंवा पदवीला सांख्यिकी हा एक विषय हवा. म्हणजे पुढे बी.ए. केलेल्या मुलीलाही बारावीचे गणित उपयोगी पडते. यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस तर केंद्राची गट अ सेवा आहे. तिथे मात्र नुसते गणित चालत नाही, पदवीच्या विषयांत सांख्यिकी असावी लागते. बी.एस्सी.ला तीन वर्षे गणित घेतलेला विद्यार्थी या एका अटीवर बाहेर पडतो आणि अट त्याला कळते ती जाहिरात वाचताना.

विमा क्षेत्रात अ‍ॅक्च्युअरी नावाचा व्यवसाय आहे. आयुर्विम्याचा हप्ता किती असावा, पेन्शनसाठी किती रक्कम राखून ठेवावी, याचा हिशेब हे लोक करतात. इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्च्युअरीज ऑफ इंडियाची प्रवेश परीक्षा देऊन एकेक पेपर सोडवत जायचे असते. बरीच वर्षे लागतात आणि परीक्षांचे शुल्क सामान्य घराला जड जाते. तरी काही पेपर झाल्यावर नोकरी करत पुढचे देता येतात. बी.एस्सी. गणितानंतर एमसीए करून संगणक क्षेत्रात जाणारेही पुष्कळ आहेत आणि डेटा विश्लेषणाच्या कामात सांख्यिकीची बैठक पक्की असलेल्याला नुसत्या सॉफ्टवेअरचा कोर्स केलेल्यापेक्षा जास्त काळ टिकता येते.

शिक्षकी पेशाबद्दल मात्र गोड बोलण्यात अर्थ नाही. एम.एस्सी., बी.एड., मग टीईटी, टेट, पवित्र पोर्टल. महाविद्यालयात जायचे तर नेट किंवा सेट आणि त्यानंतरही तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे काम. काही संस्थांत कायम जागेसाठी काय मोजावे लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. "प्राध्यापक होशील" एवढ्या एका आशेवर मुलाला गणिताच्या एम.एस्सी.ला घालू नये, असे आम्ही पालकांना स्पष्ट सांगतो. आयआयटीत एम.एस्सी.साठी 'जॅम' परीक्षा असते, संशोधनासाठी सीएसआयआर-नेटची फेलोशिप असते. त्या वाटेने जाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

आम्ही समाजशास्त्र शिकलो तेव्हा 'सांस्कृतिक भांडवल' हा शब्द पुस्तकात होता. त्याचा अर्थ गणिताच्या बाबतीत फार स्वच्छ दिसतो. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान 1976 पासून गणिताचे काम करते आहे, स. प. महाविद्यालयाचा माधव गणित स्पर्धेच्या आयोजनात वाटा असतो, पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात एमटीटीएसची शिबिरे भरतात. यातले काहीही गुप्त नाही. काही घरांत ते मुलाच्या कानावर जेवताना पडते. किनवटच्या किंवा मेहकरच्या मुलाला ते कळते तेव्हा अर्जाची तारीख गेलेली असते. हुशारीतला फरक म्हणून जो मिरवला जातो, त्यातला बराचसा फरक या जेवणाच्या ताटावरचा आहे.

आणि प्रश्न केवळ नोकऱ्यांचा नाही. 30 एप्रिल 2025 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने आगामी जनगणनेत जातींची नोंद घेण्याचा निर्णय केला. 1 ऑगस्ट 2024 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण करायला राज्यांना मुभा दिली, पण ते आकडेवारीच्या आधारे करावे असे बजावले. महाराष्ट्रानेही त्यावर समिती नेमली आहे. म्हणजे येत्या काही वर्षांत नवबौद्धांचे, मातंगांचे, चर्मकारांचे प्रतिनिधित्व किती, मागासलेपण किती, हे तक्त्यांवरून ठरेल. नमुना कसा निवडला, सरासरी कशाची काढली, नोकरीतला वाटा मोजताना सफाई कामगार धरले की वगळले, एवढ्या बारीक गोष्टींनी निष्कर्ष उलटा होऊ शकतो. आपल्याकडे वकील आहेत, वक्ते आहेत, कवी तर पुष्कळ आहेत. तक्ता समोर ठेवून "ही पद्धत चुकीची आहे" असे पुराव्याने सांगणारे फार थोडे. बाबासाहेब अर्थशास्त्राचे विद्यार्थी होते आणि 1923 च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'त त्यांनी आकड्यांवरच वाद घातला होता, हे जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते.

त्यामुळे या हंगामात आमचे सांगणे नेमके आहे. दहावीला 35 च्या खाली गुण आले असतील तर सवलतीचा शेरा घेण्याआधी एकदा पुनर्परीक्षा द्या. त्या दोन महिन्यांसाठी विहारात वर्ग चालवायला बी.एस्सी. झालेली चार मुले प्रत्येक शहरात मिळतील. अकरावीला कला किंवा वाणिज्य घेणार असाल तरी गणित व संख्याशास्त्र हा विषय ठेवता येतो का, ते विचारा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना वसतिगृह मिळाले नाही तर स्वाधार योजना आहे, तिचा अर्ज वेळेत करा. आणि बी.एस्सी.ला गणित घेतले तर नव्या धोरणातल्या मायनरमध्ये सांख्यिकी मागा. तालुक्याच्या बहुतेक महाविद्यालयांत सांख्यिकीचा विभागच नाही, असे उत्तर मिळेल. ते उत्तर तोंडी घेऊ नका, प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. वीस मुलांचे असे अर्ज जमले की विद्यापीठाकडे घेऊन जायला आम्ही तयार आहोत.