मामा कशानं गेले?

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे गेलात की ते गाव विचारतात, आडनाव विचारतात, जुनी वही उघडतात आणि तुमच्या खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवतात. पाथर्डी तालुक्यातलं आमचं घराणंही तिथे सापडलं. भारी वाटतं! पण कोण कशानं गेलं, ते त्या वहीत नाही. आणि आईच्या माहेरचं तर काहीच नाही. ते त्यांच्या वहीत.

हे आठवायचं कारण मावशी. दिवाळीनंतर एका सकाळी दळण निवडता निवडता "डोकं फुटतंय गं" म्हणाली आणि कोसळली. मेंदूतल्या रक्तवाहिनीला फुगा आला होता, तो फुटला. डॉक्टरी भाषेत ॲन्युरिझम. मावशी वाचली नाही. डॉक्टरांनी आईला विचारलं, "घरात अजून कुणाला असं झालं होतं का?"

मामा! पंधरा वर्षांपूर्वी विहिरीवर मोटर चालू करायला गेले आणि तिथेच पडले. नगरला नेलं, दोन दिवसांत गेले. कुणी म्हणालं ऊन लागलं, कुणी म्हणालं बाहेरचं. आम्ही शहाणी माणसं, "अटॅक" म्हणून मोकळे झालो. आता विचारल्यावर मामीनं पत्र्याच्या पेटीतून रेशनकार्डाखालचा कागद काढला. त्यावर स्वच्छ लिहिलेलं, सबअरॅक्नॉइड हेमरेज. म्हणजे मेंदूभोवतीचा रक्तस्राव, जो बहुतेक वेळा असा फुगा फुटूनच होतो. पंधरा वर्षं कागद घरात होता. मामीला कुणी विचारलंच नाही.

त्यानं काय फरक पडतो? पडतो. न फुटलेला फुगा साधारण शंभरातल्या तिघांच्या डोक्यात असतो आणि बहुतेकांना तो कधी कळतही नाही. म्हणून सरसकट सगळ्यांनी स्कॅन करत सुटण्यात अर्थ नाही. पण आई-वडील, सख्खी भावंडं, मुलं यांपैकी दोघांना हा त्रास झाला असेल तर गणित बदलतं. नेदरलँड्समधल्या युट्रेक्टला अशा ४५८ जणांची तपासणी झाली (अभ्यास २०१४ चा), तर पहिल्याच स्कॅनमध्ये ५१ जणांना फुगा निघाला. अमेरिकन हार्ट आणि स्ट्रोक असोसिएशनच्या २०१५ च्या सूचनाही घरात दोघं असतील तर तपासणी सुचवावी असंच म्हणतात. एमआर अँजिओग्राफी करतात. त्यात क्ष-किरण नाहीत, बहुधा सुईही टोचावी लागत नाही.

मामीचा तो कागद नसता तर आईचा आकडा एकावरच थांबला असता. तो दोन झाला.

आई म्हणते, "कळून काय करायचं? उगा डोक्याला ताप." हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. लहान फुगे पुष्कळदा फक्त लक्ष ठेवून सोडून देतात. ऑपरेशनलाही धोका असतोच. डोक्यात काहीतरी आहे हे माहीत असताना झोप कशी लागणार? तेव्हा स्कॅन करायचा की नाही, हे आईनं ठरवावं. मी मागे लागणार नाही. बीपीची गोळी न चुकवणं आणि आम्हा भाच्यांनी सिगरेट सोडणं, याला मात्र कुठलाच स्कॅन लागत नाही.

पण ठरवायला आधी माहिती तर हवी! सर्व्हर पडला की आम्ही आधी लॉग बघतो. घरातलं माणूस पडलं की मात्र "देवाची इच्छा". मोहट्याच्या यात्रेला गावी जाल तेव्हा सोबत एक वही न्या. कोण, कितव्या वर्षी, कशानं. आईकडचं आणि वडिलांकडचं, दोन्ही. सासरी गेलेल्या आत्या आणि मावश्याही धरून. रक्तवाहिन्यांना आडनाव कळत नाही.

आई स्कॅनला अजून हो म्हणालेली नाही. पण परवा स्वतःहून फोन केला. "वही घेतलीस ना? मग लिही. तुझी आजी पण अशीच गेली, चुलीपुढं, डोकं धरून."