दीड तासाचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या हातून एक चूक घडली. ती झाकून ठेवण्यापेक्षा येथे मांडलेली बरी. निदान दुसऱ्या घरी तरी ती होऊ नये.

वस्तीतील एका मुलाला नोकरीच्या मुलाखतीसाठी मुंबईचे बोलावणे आले. वेळ दुपारी 2 ची. रेल्वेत जागा मिळेना. आईने महिला मंडळातून पैसे उचलून सकाळी 9 च्या विमानाचे तिकीट काढले आणि आम्हाला विचारले, "नागपूर ते मुंबई किती वेळ लागते जी भाऊ?" आम्ही बी.कॉम. झालेले! ऐटीत सांगितले, "दीड तास." उत्तर खरे होते, पण अर्धेच.

मुलगा पहाटे 6 ला भंडाऱ्याहून एस.टी.ने निघाला. गणेशपेठला उतरून रिक्षाने सोनेगावला पोहोचला तेव्हा 8.20 झाले होते. नावनोंदणीची खिडकी बंद झाली होती. तिकीट गेले, मुलाखतही गेली.

आता पूर्ण हिशेब ऐका. नागपूर ते मुंबई आकाशमार्गे सुमारे 680 किलोमीटर, तर भुसावळमार्गे रेल्वेने 837. विमान तेवढे अंतर दीड तासात कापते. पण भंडारा ते सोनेगाव दोन-अडीच तास धरा. सुटण्यापूर्वी किमान दीड-दोन तास आधी तेथे हजर राहा, कारण खिडकी साधारण तासभर आधीच बंद होते. ओळखपत्र जवळ हवेच. मुंबईत उतरून दादर गाठायला आणखी तास-दीड तास. म्हणजे दारापासून दारापर्यंत सात तास. वरठीला दुपारी विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत उतरतो. त्या मानाने विमानाने वेळ वाचतो, पण तिकिटावर दिसतो तेवढा नाही.

2005 पासून हे विमानतळ बाबासाहेबांच्या नावाने ओळखले जाते. धम्मदीक्षेसाठी 11 ऑक्टोबर 1956 रोजी ते दिल्लीहून विमानानेच नागपूरला आले. दोन महिनेही झाले नाहीत तोच, 6 डिसेंबरच्या रात्री त्यांचे पार्थिव घेऊन मुंबईला जाणारे विमान याच सोनेगावला थांबले. त्या रात्री शोकाकुल होऊन तेथे जमलेल्या आपल्या माणसांपैकी किती जणांनी विमानात पाऊल ठेवले असेल? आज त्यांची नातवंडे हातात तिकीट घेऊन त्या दारात उभी राहतात. त्या दाराचे नियम त्यांना माहीत करून देणे हे आम्हा शिकलेल्यांचे काम होते. आम्ही तेथेच कमी पडलो.

कालाम सुत्तात तथागतांची शिकवण आहे की, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पडताळून पाहा. तेव्हा माताभगिनींनो, आमच्यासारखा कोणी शिकलेला "दीड तास" म्हणाला, तर लगेच विचारा, "कुठून कुठपर्यंत?"

मंडळाच्या त्या कर्जाचे निम्मे हप्ते आता आम्ही भरीत आहोत. मुलगा पुन्हा अर्ज करतो आहे.