आकडे सावलीतले

मे महिन्यात हिंगोलीचा पारा ४२-४३ अंशांवर गेला की बातमी होते. हा आकडा सावलीतला असतो. सौरपंपाच्या कंट्रोलरची पेटी मात्र अनेकदा भर उन्हात असते. बाहेरून ऊन, आतून सर्किटची स्वतःची उष्णता. त्यात धूळ-पाणी शिरू नये म्हणून पेटी चहूबाजूंनी बंद. आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते.

दवाखान्यातही तेच. मॉनिटर, सिरिंज पंप वारंवार पुसून निर्जंतुक करावे लागतात, म्हणून त्यांत पंखा आणि झरोके शक्यतो टाळतात. मग उष्णतेला वाट उरते ती प्लॅस्टिकच्या आवरणातूनच. साध्या प्लॅस्टिकची उष्णतावाहकता ०.२ वॉट प्रति मीटर केल्विनच्या आसपास, तर अ‍ॅल्युमिनियमची २००च्या घरात. पण धातू वीजही वाहून नेतो. यावर तोड म्हणजे बोरॉन नायट्राइड किंवा अ‍ॅल्युमिनाची पूड मिसळलेले पॉलिमर. ते वीज अडवते आणि साध्या प्लॅस्टिकच्या कितीतरी पट उष्णता बाहेर काढते. दुरुस्तीवाले चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये लावतात ती पांढरी पेस्टही याच कुळातली. अर्थात पूड जास्त झाली की प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि साच्यात नीट भरत नाही. बोरॉन नायट्राइड तर महागही. पैसे वाचवायचे झाले तर उत्पादकाला ही जागा सोयीची, कारण वरून काहीच दिसत नाही.

याच हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. २०२३ साली केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेत लेसरची किंचित उष्णता आरशात मुरली तरी त्याचा आकार बिघडतो, म्हणून त्यावरचा उपाय मूळ आराखड्यातच असतो. पंपाच्या पेटीसाठी एवढी काटेकोर यंत्रणा कोणी मागत नाही. पण सरकारी पैशाने होणाऱ्या प्रत्येक खरेदीत एक प्रश्न सक्तीचा हवा: भर उन्हात, बंद पेटीत, पूर्ण भारावर चालवल्यावर आतले तापमान किती झाले? चाचणीचा कागद नसेल, तर दर कितीही कमी असला तरी निविदा बाद करावी.

तोवर निदान पेटी पॅनेलच्या सावलीत तरी बसवावी. त्याला निविदा लागत नाही.