खेळांतला आडमार्ग

घरांत पांच-सहा मुलें असलीं, म्हणजे पत्त्यांच्या डावांत कोणी तरी शेजाऱ्याच्या पानांत डोकावतोच. वडील मंडळी दटावतात आणि डाव पुढें चालतो. पण ज्या खेळाला कोट्यवधि गडी आहेत आणि जेथें डोकावणारा माणूस नसून यंत्र आहे, तेथें दटावणार कोण? परवां पंगतींत आमचा पुतण्या म्हणाला, "काका, नुसता नकाशा पाहिला, तर त्यांत लबाडी कसली?" आम्हीं दिलेलें उत्तर आमचें आम्हांसच अपुरें वाटलें, म्हणून तोच विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

'पोकेमॉन गो' हा मोबाईलवरील खेळ जुलै २०१६ मध्यें निघाला. आपल्या देशांत तो अधिकृतपणें त्याच वर्षीं डिसेंबरांत आला. त्यांतील काल्पनिक प्राणी खऱ्याखुऱ्या रस्त्यांवर नि बागांत दडलेले असतात. ते पकडावयाचे तर पायीं हिंडलें पाहिजे. अंडें उबवावयाचें तर कांहीं किलोमीटर चाललें पाहिजे. फोन आपली जागा दूरच्या सर्व्हरला कळवितो व "माझ्याजवळ काय आहे?" असें विचारतो. सर्व्हर उत्तर देतो. सारा खेळ या प्रश्नोत्तरावर उभा आहे.

परंतु हा प्रश्न खऱ्या फोननेंच विचारला पाहिजे असें थोडेंच आहे? संगणकावरील एखादा प्रोग्राम खोटीं खातीं उघडून, खोट्या जागा सांगून, साऱ्या शहराची विचारपूस घरबसल्या करूं शकतो. मिळालेलीं उत्तरें नकाशावर मांडलीं कीं झाला स्कॅनर. त्याच युक्तीनें, मालक झोंपला असतां जो त्याच्या नांवानें प्राणी पकडीत हिंडतो, तो बॉट.

ऑगस्ट २०१६ च्या आरंभीं सर्व्हरचा शिरस्ता बदलला. प्रत्येक मागणीबरोबर अ‍ॅपनें आंतल्या आंत घडविलेली एक गुप्त निशाणी आली नाहीं, तर उत्तर मिळेनासें झालें. ती कशी घडते हें बाहेरच्यांस ठाऊक नसल्यानें स्कॅनर व बॉट एकाएकीं आंधळे झाले. त्या वेळीं खेळ चालविणाऱ्या निआंटिक कंपनीचे तेव्हांचे प्रमुख जॉन हँकी यांनीं सर्व्हरवरील भार केवढा उतरला याचा आलेखच प्रसिद्ध केला, आणि अशा उपऱ्या मागण्यांमुळें ब्राझीलसारख्या देशांत खेळ नेण्यास विलंब झाला, असें सांगितलें. पण शेरास सव्वाशेर भेटतोच. प्रोग्रामर मंडळींनीं त्या निशाणीला 'अननोन सिक्स' असें नांव दिलें होतें. थोड्याच दिवसांत त्यांनीं ती उकलली व स्कॅनर पुन्हा चालूं लागले.

येथवर दोष एकाच बाजूचा दिसतो. पण तसें नाहीं. जवळचा प्राणी किती दूर आहे हें सुचविणाऱ्या पावलांच्या खुणा आरंभीं खेळांतच होत्या. त्या बिघडल्या, आणि जुलैअखेर कंपनीनेंच काढून टाकल्या. हिंडावें कोणीकडे हेंच सरळ खेळणाऱ्यास कळेना; मग तो नकाशाकडे वळला. तोही बंद पडतांच चोर सोडून संन्याशाला सुळी, अशी त्याची गत झाली.

तेव्हां पुतण्यास आम्हीं आतां असें सांगूं: नकाशा पाहणारा तूं एकटा असलास, तरी त्या नकाशामागें हजारों खोटे प्रश्न आहेत, आणि त्यांचा भार रांगेंत उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलांवर पडतो. चालण्याचा खेळ न चालतां जिंकला, तर हातीं काय उरलें? आणि नियम करणाऱ्यांनींही, मग ते कंपनीचे असोत वा घरचे, एवढें ध्यानीं धरावें: सरळ वाट बुजवून आडवाटेवर नुसता पहारा बसविला, तर सज्जनही आडवाट शोधूं लागतो.

हें ऐकून तो म्हणाला, "मग पावलें काढलीं तेव्हां मुलांनीं काय करावयाचें होतें?" आम्हीं म्हणालों, "उघडपणें तक्रार." त्याला तें पटलें कीं नाहीं कोण जाणे; पण जेवणानंतर तो आमच्याबरोबर पायीं फिरावयास आला खरा.