शेतकऱ्याला कशाला व्यायाम?

कनेरगाव नाक्यावर चहा पिणाऱ्यांपैकी निम्मे आता "बिनसाखरेचा" असं बजावून सांगतात. घर हाकेच्या अंतरावर, तरी आलेले असतात गाडीवरच. चाला म्हटलं की उत्तर तयार : "आपण शेतकरी माणसं, आपल्याला कशाला व्यायाम?"

कुठली शेती, भाऊ? नांगरणी ट्रॅक्टरनं, खुरपणीच्या जागी तणनाशक, सोयाबीन मळणीयंत्रात, हळद काढायला मजूर. तुमच्या वाट्याला उरलं बांधावर उभं राहून फोनवर बोलणं. वर कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड. तोंड सगळं करायला तयार, पाय तेवढे नाहीत.

जेवणानंतर इन्सुलिनच्या जोरावर जी साखर उचलली जाते, तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक स्नायू. इन्सुलिन आधी स्नायूतल्या केशवाहिन्यांत रक्त खेळवतं, मग पेशी साखर आत घेते. बैठ्या माणसात दोन्ही कामं मंदावतात; रक्तात इन्सुलिन असूनही स्नायू दाद देत नाही. चालायला लागलात की आखडणारा-सैलावणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता त्या वाहिन्यांत रक्त ओढतो आणि साखरही उचलतो. काम करणाऱ्या स्नायूत केशवाहिन्या उघडतात, हे डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी दाखवलं. त्यांना 1920 साली नोबेल मिळालं. शंभर वर्षांत ते नाक्यापर्यंत काही पोचलं नाही. पोचणार कसं? आमचे डॉक्टर चिठ्ठीच्या तळाशी "वॉकिंग" एवढंच खरडतात, तेही औषधवाल्यालाच वाचता येईल अशा अक्षरात.

चालून झाल्यावरही स्नायू इन्सुलिनला जास्त दाद देतो; व्यायामाचा हा गुण दिवस-दोन दिवस टिकतो, मग ओसरतो. श्रावणात एकदा पायी औंढ्याला देवदर्शनाला जाऊन पुण्य वर्षभर पुरत असेल, साखरेला पुरत नाही.

"मी तर काटकुळा" म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक बघावेत. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याशेजारी उभं राहून फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 22.3. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात 9.1 टक्के, याज्ञिकांच्या 21.2. वरून सडपातळ, आतून चरबी : हा आपला वाण.

तेव्हा जेवण झालं की खाटेवर पडू नका, अर्धा तास चाला, आणि रोज चाला. मधुमेहाची गोळी मात्र मनानं बंद करू नका. ते डॉक्टरांना ठरवू द्या. चालणं तरी तुमच्या हातात आहे.