शिधापत्रिका हातात असताना सोयाबीन गहाण का पडावे?
वर्धा जिल्ह्यातील नागरिकांना जाहीर आवाहन



ऐन पोळ्याच्या तोंडावर समुद्रपूर तालुक्यातल्या एका शेतमजूर बाईने ठेक्याने केलेल्या दोन एकरांतले उभे सोयाबीन व्यापाऱ्याच्या नावावर लिहून दिले. नवऱ्याचे ऑपरेशन अडले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली केशरी शिधापत्रिका आणि आधार कार्ड घेऊन ती दवाखान्याच्या खिडकीशी उभी होती. "हे चालत नाही. आधी वीस हजार भरा, मग दाखल करू," असे तिला सांगण्यात आले. पैसे भरल्यावर हातात पडली ती कोऱ्या कागदावरची चिठ्ठी, पावती नव्हे. आणि त्याच खिडकीशेजारच्या भिंतीवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा मोठा फलक लावलेला होता!

आमचे कार्यकर्ते पोहोचले तोवर व्यवहार होऊन गेला होता. ही गोष्ट एकट्या बाईची असती तर हे आवाहन लिहिण्याची वेळ आली नसती. गावोगाव हेच चालले आहे. म्हणून आज स्पष्ट लिहितो : हा पैसा भरायचा नसतो, आणि तो भरावा लागू नये यासाठीची कागदपत्रे आजार दारात येण्याआधी तयार हवीत.

आपला हक्क नीट समजून घ्या. राज्याची ही योजना २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झाली. आपला जिल्हा त्यात नव्हता. आपल्याकडे ती नोव्हेंबर २०१३ मध्ये आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि १ एप्रिल २०२० पासून दोन्ही एकत्र चालू लागल्या. पूर्वी दीड लाखाची मर्यादा होती. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ती वर्षाला प्रति कुटुंब ५ लाख झाली, उपचारांची यादी १३५६ वर गेली, आणि १ जुलै २०२४ पासून पिवळी, केशरी, पांढरी अशा सर्व शिधापत्रिकाधारकांना योजना लागू झाली. खाट, औषधे, तपासण्या, ऑपरेशन, रुग्णाचे जेवण, घरी परतण्याचे एसटीचे भाडे, सगळे त्यात धरलेले आहे. मग डिपॉझिट कशाचे?

"आमचे कार्ड पांढरे आहे" म्हणून घरी बसणाऱ्यांना तर काय म्हणावे! शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावर हा लाभ २०२४ च्या कितीतरी आधीपासून होता, आणि त्या १४ जिल्ह्यांत वर्धा होता. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भाच्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यांतही वर्धा होता. कर्जाने माणसे मरतात म्हणून सरकार आपले नाव यादीत घालते, आणि आपण दवाखान्याच्या खिडकीवर नवे कर्ज काढून परततो. २०२१-२२ मध्येही देशातल्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून भरले. मजुराचा खिसा म्हणजे सावकाराची वही, हे कोणत्या अहवालात लिहिलेले नसते.

"फुकटचा उपचार तसाच असतो" हे दुसरे एक तुणतुणे. दवाखाना तोच, डॉक्टर तोच, खाट तीच. बिल तेवढे योजनेतून चुकते होते. "कार्ड काढले की आजार येतो" असे म्हणणाऱ्यांना उत्तर देण्यात आम्ही वेळ घालवणार नाही. एक मात्र खरे : ही योजना मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या, यादीतल्या उपचारांसाठी आहे. साध्या तापा-खोकल्यासाठी ती नाही. त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, हिंगणघाट-आर्वीची उपजिल्हा रुग्णालये आणि वर्ध्याचे जिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. दहा-वीस रुपये कोणी मागितले तर तेही देऊ नका.

आणि हे सारे घडते आहे ते कुठे, तर वर्ध्यात! देशातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सेवाग्रामला उभे केले. १९८० च्या दशकात तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीतून आरोग्य विमा चालवला. सुगीला प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त, आणि आजारपणात सगळ्यांनी आधार घ्यायचा. ज्यांच्या आजोबांनी पायलीने ज्वारी मोजून विमा उतरवला, त्यांच्या नातवांना आज विनामूल्य कार्ड काढायला सवड नसावी? लाज वाटायला हवी, आणि आम्हा कार्यकर्त्यांनाही वाटते.

आता कामाला लागा.

१. शिधापत्रिका तपासा. बारा अंकी ऑनलाइन क्रमांक आहे का? सुनेचे, लहान लेकराचे नाव चढले आहे का? सुनेच्या आधारवर माहेरचे नाव आणि शिधापत्रिकेवर सासरचे, यातच निम्मी घरे अडकतात. शिधापत्रिकाच नसेल तर आजच तहसील कार्यालयात अर्ज द्या.

२. घरातल्या प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड वेगळे काढा. आपले सरकार सेवा केंद्रात जा, आशाताईंना विचारा. वेचणीने बोटे फाटलेल्या बायांचा अंगठा मशीन घेत नाही. तेव्हा परत फिरू नका, मोबाइलवरच्या ओटीपीने किंवा चेहऱ्याने ओळख पटवायला सांगा. कार्ड विनामूल्य आहे. पैसे मागणाऱ्या एजंटाला वेशीबाहेर काढा.

३. सत्तरीच्या पुढच्या आई-वडिलांचे 'वय वंदना' कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही. आधीच लाभार्थी असलेल्या कुटुंबातल्या वृद्धांना त्यावर वेगळे ५ लाख मिळतात.

४. जिनिंगमध्ये, कारखान्यात, दुकानात दरमहा २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांनी ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) नोंद झाली का, ते मालकाला विचारावे. ठेकेदाराच्या कामगारांनीही विचारावे. कामगाराचे ०.७५ टक्के कापले जातात, मालकाला ३.२५ टक्के भरावे लागतात. कपात होते आणि नंबर मिळत नाही, अशांनी आमच्याकडे यावे.

५. दवाखान्यात आधी योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा. शिधापत्रिका आणि फोटोचे ओळखपत्र दाखवा. पैसे मागितले तर "लेखी द्या" म्हणा. भरावेच लागले तर छापील पावती घ्या. तिथूनच १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर फोन करा. आयुष्मानसाठी १४५५५ आहे. तक्रारीची प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.

६. उपचार यादीत नसेल तर धर्मादाय रुग्णालयात राखीव खाट मागा. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा.

७. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा. कार्ड नसलेल्या घरांची यादी मोठ्याने वाचा. योजनेतल्या दवाखान्यांची नावे आणि टोल-फ्री क्रमांक ग्रामपंचायतीच्या फलकावर रंगवून घ्या. सरपंच टाळाटाळ करत असतील तर ठराव लेखी द्या आणि पोच घ्या.

आमच्या संघटनेकडे ना गाडी आहे, ना पगारी माणूस. पण खिडकीवर अडवलेल्या रुग्णामागे आमचा कार्यकर्ता उभा राहिला की तेच कागद चालू लागतात, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आठही तालुक्यांत, प्रत्येक गावात असे दोन जण हवेत : एक बाई, एक पुरुष, फॉर्म वाचता येणारे आणि साहेबाच्या आवाजाला न दबणारे. शिक्षकांनो, बचत गटाच्या ताईंनो, कॉलेजातल्या पोरांनो, पुढे या. कापूस फुटायला लागला की कोणालाच उसंत मिळणार नाही. म्हणून हे काम वेचणीआधी उरकायचे आहे.

जिचे सोयाबीन गेले तिला सांत्वन नको, पैसे परत हवेत. तिची तक्रार आम्ही दाखल केली आहे आणि निकाल लागेपर्यंत सोडणार नाही. अशी चिठ्ठी ज्यांच्या घरात पडून असेल त्यांनी ती फाडू नये. घेऊन यावे. २ ऑक्टोबरनंतर सगळ्या चिठ्ठ्या एकत्र घेऊन आपण जिल्हाधिकारी कार्यालयावर जाणार आहोत.

आपले,
आरोग्य हक्कासाठी झटणारे वर्धा जिल्ह्यातील कार्यकर्ते