दवणा नव्हे, अक्का!

पावसाच्या दोन सरी झाल्या आणि पादऱ्याहून अक्काचा फोन आला. पादरा म्हणजे बडोद्याजवळचे, भाजीपाल्यासाठी नावाजलेले गाव. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला पस्तीस वर्षे झाली.

"अगं, अंगणात आपोआप दवणा उगवलाय! तुळशीकट्ट्यापासून पार न्हाणीपर्यंत. चैत्रात गावी येईन तेव्हा जोतिबाला वाहीन म्हणते."

रोज पाणीही घालत होती बिचारी. मी म्हटले, "आधी फोटो पाठव."

फोटो बघितला आणि पोटात गोळाच आला. जमिनीला चिकटून गोल पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली हिरवी पाने. आपले गाजर गवत, कन्नडात काँग्रेस गिडा. बेळगावात वाढलेल्या अक्काने ते शाळेच्या वाटेवर हजारदा पाहिले आहे. पण पाहिले ते कमरेएवढे वाढलेले, पांढऱ्या फुलांनी भरलेले. फूल येण्याआधीचे रोप कोण निरखून बघतो?

दवण्याचे पान राखट दिसते, त्यावर रुपेरी लव असते आणि नुसते जवळून गेले तरी सुगंध येतो. गाजर गवत हिरवे, त्याला तो सुगंध नाही. खोड वर आले की त्यावर उभ्या रेघा आणि बारीक केस दिसतात. पण वास बघायला म्हणून पान हातात चुरगळू नका. आमच्या बाबांनी याची किंमत मोजली आहे. भांगलण करताना ते हे गवत नुसत्या हातांनी उपटत. आधी बोटांच्या बेचक्यांत खाज, मग मानेवर, मग पापण्यांवर. उन्हात गेले की आगआग. शेवटी शेतात जाणेच थांबले. तेव्हा अक्का सासरी होती, तिने हे फारसे पाहिलेच नाही. सगळ्यांनाच त्रास होतो असे नाही, पण एकदा अंगाने धरले की पुढे थोडासा स्पर्शही पुरतो. परागांनी सर्दी-दमाही बळावतो, आणि अक्काच्या नातवाला दमा आहे.

हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. 'अमेरिकन गव्हातून आले' असे आपल्याकडे सर्रास सांगतात आणि पी. एल. ४८० करारावर खापर फोडतात. पण भारताशी तो करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये, आणि पुण्यात हे रोप १९५५ सालीच दिसले होते. तेव्हा ही गोष्ट मला काही पुरती पटत नाही. पुढे १९८४ साली याची पाने खाणारे मेक्सिकोतले भुंगे बंगळूरला मुद्दाम सोडले. पावसाळ्यात ते पाने फस्त करतात, पण अंगण त्यांच्या भरवशावर टाकता येत नाही.

अक्काला सांगितले, पाणी घालणे बंद. जमीन ओली आहे तोवर पूर्ण बाह्यांचे घालून, हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून मुळासकट उपट. सुक्या जमिनीत मान तुटते आणि बुडातून पुन्हा फुटते. फूल न आलेली रोपे खतखड्ड्यात चालतील. फुललेले झाड मात्र नाही, एकेका झाडाला हजारोंनी बी धरते. आणि कडेला टाकळा उगवला तर राहू दे. तो याला दाबतो, शिवाय भाजीही होते. तिकडे त्याला कुवाडियो म्हणतात.

आठ दिवसांनी फोन आला, तुळशीकट्टा मोकळा झाला होता. पण शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर हेच कमरेएवढे फुललेले उभे आहे, आणि त्याचा मालक परगावी. बी तिथूनच आले असणार.

अक्काची सून धारवाडची. मी विचारले, "तिलाही ओळखता आले नाही का गं?"

अक्का जरा घुटमळली. "पहिल्याच दिवशी म्हणाली होती, 'अत्ती, इद काँग्रेस गिडा ऐत्री.' मला वाटलं, हिला कुठला दवणा माहीत!"